आत्याने न घेतलेला चहा

माझी आत्या जीपमध्ये बसली की एक पाय बाहेर ठेवायची. डोंगरकडा गावच्या फाट्यावर ड्रायव्हर कितीही ओरडू दे, “चला, निघालीच!”, इंजिन घरघरल्याशिवाय तो पाय काही आत यायचा नाही. कुणी माझ्या मार्कांचं कौतुक केलं की मला बाजूला घेऊन ती विचारायची, “काय पायजे त्याला?” वस्तीत तिचं नाव सीआयडी आत्या. ते तिला आवडायचं असा माझा अंदाज आहे, पण तसं कबूल करण्याइतका विश्वास तिने कुणावर टाकला नाही.

संशयाला तिच्याकडे कारण होतं. आमच्या बौद्ध वस्तीने गावाबाहेरचं गायरान, म्हणजे सरकारी पडीक रान, दगड वेचून वहितीला आणलं होतं. आत्याचा तुकडा सगळ्यात खाली, ओढ्याला लागून. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेल्या बाईला तेवढाच आधार. नव्वदच्या दशकात दरसाल ज्वारी गुडघ्याला लागली की गावातली काही मंडळी भरदिवसा त्या रानात गुरं घुसवायची आणि वर म्हणायची, चुकून शिरली. “गुरं चुकतेत,” आत्या म्हणायची, “पर त्यांच्यामागं काठी घेऊन येनारं मानूस कसं चुकतं?” मग ती पदर खोचून, गोफण घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहायची.

अशात एके वर्षी गावातून निरोप आला. खालचं अर्धं रान सोडा, वरच्या अर्ध्याला कुणी हात लावणार नाही. विहारात वस्ती जमली आणि बहीण-भावाची जुंपली. माझे बाबा तडजोडीच्या बाजूचे. त्यांचंही खोटं नव्हतं. गुरं हुसकावताना पोरांची डोकी फुटली होती, आणि गावात कुणी आम्हाला मजुरीला बोलवत नव्हतं.

“बाई, लढून लेकरायचं पोट भरतं व्हय?” बाबा म्हणाले. थोरल्या बहिणीला ते बाई म्हणायचे.

“अर्धं देऊन भरंल औंदा. पुढच्या साली उरलेलं मागतील, तवा काय देसील?”

“त्याईनं शब्द देला हाय.”

“शब्द देनारा खालचंच रान काहून मागून राहिला? वरचं खडकाळ मागावं की!” पण माणसं दमली होती. बोलून तर बघू, असं ठरलं.

बैठक सरपंचांच्या ओसरीवर झाली. सुट्टीत हिंगोलीच्या कॉलेजातून घरी आलेली मीही आत्यासोबत गेले. तोवर त्या घरी आमच्या माणसांचे पेले वेगळे, गोठ्याच्या वळचणीला ठेवलेले असायचे. त्या दिवशी मात्र आमच्यापुढे त्यांच्याच कपबश्या आल्या, निळ्या फुलांच्या. रानाचं बोलणं अजून अर्ध्यावर होतं. बाबांनी कप उचलला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. आत्या माझ्या कानाशी लागली, “आजच कशी काय सापडली कपबशी?” तिच्यापुढच्या चहावर साय धरली, पण तिने बशीला बोट लावलं नाही. आमच्याकडे चहा झाला की बैठक मिटली असं धरतात. बाबांनी कप खाली ठेवला आणि सरपंच म्हणाले, “चला, गोड झालं!” पुढे कुणाला काही विचारलंच गेलं नाही.

बाबांनी आपल्या वरच्या वाट्यातलं निम्मं रान आत्याला देऊ केलं. “मी चहा घेतला न्हाई,” एवढंच ती म्हणाली, आणि पाऊस पडताच आपला तुकडा पेरून मोकळी झाली. खालच्या बाकीच्यांनी रानं सोडली होती. त्यानंतर गुरं यायची ती तिच्याच तुकड्यात. पीक तुडवलं की ती पुन्हा हाताने एकेक दाणा टोकायची. कधी पायलीभर पिकायचं, कधी नुसता कडबा. वर आमची ज्वारी मात्र डुलायची.

“बघ बाई, टिकला का न्हाई शब्द?” बाबा कौतुकाने म्हणायचे.

“टिकला न्हाई, अडकला हाय. माझ्या तुकड्यात.”

बाबा हसायचे. मीही हसायचे. वर्षं तशीच गेली. मला नोकरी लागली, नवं शतक उजाडलं, आणि एका उन्हाळ्यात आत्या तापाचं निमित्त होऊन गेली. संशयी माणसाशिवाय घर किती भाबडं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सरपंचही आले. चार शब्द बरे बोलले. मग उठता उठता बाबांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “खालचं रान आता मोकळं झालं म्हना. तेवढं झालं की मंग वरचंबी एकदा बसून बघू.”

बाबा म्हणजे आयुष्यात कुणाचा शब्द खाली पडू न देणारा माणूस. त्यांनी खांद्यावरचा हात काढून बाजूला केला.

“मोकळं न्हाई,” ते म्हणाले. “बाईची पेरनी राह्यली हाय.”

त्या मृगात आमच्या वरच्या रानाची पेरणी मागे पडली. बाबांनी पेरणीची तिफण आधी ओढ्याकाठी नेली. मागे सारी वस्ती गेली. माझे काका बैल हाकत होते आणि चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या बी सोडायच्या वाटीवर, बियाण्याची मूठ बाबांनी धरली होती. पहिल्याच तासाला, पहिल्या ओळीलाच, त्यांना रडू कोसळलं, पण मूठ चुकली नाही.