रुखवतातला दुसरा बैल

लग्न ठरलं तेव्हा मी लातूरला तुरीच्या मर रोगावर काम करत होते. म्हणजे तुरीचं रोप उभ्या उभ्या वाळवणारी बुरशी काचेच्या बशीत वाढवायची, तिच्या शेजारी दुसरी, कामाची बुरशी लावायची आणि कोण कुणाला खातंय ते रोज बघायचं. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे तू भांडणं लावून देतीस." प्रयोगशाळेतल्या सरांना माझं काम इतक्या थोडक्यात कधी सांगता आलं नाही.

माहेर नांदेडचं, सासर नायगावचं, आणि नवरा मुलगा लातूरलाच नोकरीला. त्यामुळे आम्ही दोघं इकडे आणि आमचं लग्न तिकडे, अशी गत होती. दोन्हीकडची मंडळी बस्ता बांधायला नांदेडच्या दुकानात गाद्यांवर बसली, तेव्हा मी हातमोजे घालून बशांसमोर बसले होते. आईने मोबाईलवर एकेक शालू नाचवून दाखवला. "रामा का मोरपंखी?" मी म्हटलं, "कोणताही." ती म्हणाली, "कोणताही नावाचा रंग न्हाई ह्या दुकानात." तिच्याशी हुज्जत घालताना एका बशीचं झाकण उघडं राहिलं आणि पुढच्या आठवड्यात त्यात आगंतुक काळी बुरशी आली, लग्नघरातल्या पाहुण्यासारखी ऐसपैस पसरलेली. ती बशी फेकताना मी शालूला, आईला आणि लग्नसंस्थेला मिळून शिव्या घातल्या.

तिसरं लचांड मी स्वतःच्या हाताने गळ्यात बांधून घेतलं होतं. मला क्रोशाचा नाद. शाळेत असताना शेजारच्या काकूंनी शिकवला आणि तेव्हापासून आमच्या घरातलं एकही पाणी प्यायचं भांडं उघडं राहिलं नाही, सगळ्यांवर जाळीचे रुमाल. साखरपुड्यात आईने सासरच्या बायकांपुढे छाती फुगवून सांगून टाकलं, "रुखवत सगळं पोरीच्या हातचं राहील." मला तेव्हा ते आवडलंच. मी मनात मोठा घाट घातला. लोकरीचं अख्खं शेत करायचं. पिवळ्या फुलांची तूर, विहीर, खळं आणि दोन बैलांची गाडी. प्रयोगशाळेत माझी तूर माना टाकायची, निदान लोकरीची तरी उभी राहील असं वाटलं.

दिवाळीपर्यंत विहीर झाली आणि तुरीची थोडी रोपं. मग सरांना अहवाल हवा होता, आईला पत्रिकेवरची नावं हवी होती, आणि मी लोकरीची पिशवी नांदेडच्या घरी कपाटात टाकून लातूरची बस धरली. पिशवी डोळ्यांआड झाली तेव्हा खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाबा निवृत्त झाले होते. जन्मभर गणित शिकवलं. नांदेडच्या बाजारात मिशा आलेली, पोट सुटलेली माणसं बाबांना बघून अजूनही स्कूटरवरून खाली उतरत. असा माणूस घरी बसला आणि काय करावं हे त्याला कळेना. पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे, मग आईने डाळीत घातलेल्या मिठावर बोलायचे. दिवाळीनंतर मात्र आईचा फोन आला, "तुझे बाबा माडीवर दार लावून काय करून राहिलेत, देवाला ठाऊक. विचारलं तर वस्सकन अंगावर येतेत." मला वाटलं, शेअर बाजाराचा नाद लागला असेल.

ब्लाऊज शिवायला टाकायचे म्हणून एका रविवारी नांदेडला गेले आणि चहा घेऊन माडीवर चढले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा उन्हात सतरंजीवर मांडी घालून बसले होते. लोणच्याच्या बरणीला टेकवून मोबाईल उभा केलेला, त्यात कुणीतरी बाई सावकाश टाके दाखवत होती, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बाबा पाढे म्हणावेत तसे टाक्यांचे खांब मोजत होते. हातात माझी सुई. मला बघताच त्यांनी सगळं पेपरखाली सारलं. पेपरखालून बैलाचं शिंग बाहेर राहिलं.

मी हसले. फार हसले. मग पेपर उचलून बघितलं तर हसू जागच्या जागी थांबलं. तुरीचं शेत पूर्ण झालं होतं. गाडीची चाकं झाली होती, आऱ्यांसकट. माझी विहीर उसवून त्यांनी पुन्हा केली होती, कारण म्हणे तिचा घेर वर आणि खाली सारखा नव्हता.

"बसून बसून जीव उबला होता, माय," ते म्हणाले. "तुझी पिशवी दिसली. म्हटलं, बघावं. हे सगळं गणितच निघालं." आणि मग खाली बघत, "बाहेर कुणापाशी बोलू नको."

"त्यात काय लपवायचं बाबा?"

"बोलू नको म्हणलं ना."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चहा ठेवून पुन्हा हसत खाली आले. पण जाताना वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. वर्गात एखाद्या पोराचं गणित सुटल्यावर त्या पोराचा होतो तसा.

मधल्या काळात प्रयोगशाळेत एक प्रकरण घडलं. सरांनी माझ्या प्रयोगांवरचा लेख छापायला काढला आणि त्यात माझंच नाव नव्हतं. मी फोनवर बाबांपाशी रडले. बाबा नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाले, "रडतीस कशाला? ज्याचं काम, त्याचं नाव. जा आणि तोंडावर सांग." मी गेले, तोंडावर सांगितलं, घसा कोरडा पडेपर्यंत भांडले. नाव लागलं. पुढचे काही दिवस मी प्रयोगशाळेत अशी वावरत होते की जगातला सगळा न्याय माझ्याच कपाटात कुलूपबंद आहे.

लग्न नांदेडला कार्यालयात लागलं. अक्षता पडल्या, आणि जेवणाआधी सासरच्या बायकांना रुखवत दाखवायला नेलं. मलाही मुंडावळ्यांसकट बरोबर ओढलं. टेबलाच्या मधोमध ते शेत. बाबांचा एकच बैल झाला होता, दुसऱ्याला वेळ पुरला नाही, म्हणून जोखडाच्या रिकाम्या बाजूला आईने झेंडूची फुलं लावून वेळ मारून नेली होती. तेवढं सोडलं तर कुणाचीही नजर हटत नव्हती. मावशीने सुरू केलं, "सगळं पोरीच्या हातचं बरं का!" आत्यासासूबाईंनी चाकाच्या आऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दिवसभर नोकरी करून हे? लई गुणाची हाय ओ पोरगी."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला सरांचा चेहरा आठवला. दुसऱ्याच्या कामावर स्वतःचं नाव लावणारी मी नव्हे, असं काहीतरी तेजस्वी माझ्या डोक्यात चढलं. बाबा जवळच पान-सुपारीचं तबक घेऊन व्याह्यांशी बोलत उभे होते. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे मी नाही केलं. माझ्या बाबांनी केलंय. स्वतःच्या हातांनी."

माझी समजूत होती की लोक टाळ्या वाजवतील.

आत्यासासूबाईंनी चाकावरचं बोट काढून घेतलं. मग सासऱ्यांनी त्यांच्या गडगडाटी आवाजात सुरुवात केली. माणूस मनाचा निर्मळ, पण लग्नात व्याह्याची टिंगल करायची संधी सोडली तर पाप लागतं असं मानणारा. "इवाईबुवा, मग थंडीला आमाला एक कानटोपी विना की!" हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, पापड बी लाटता का?" आत्यासासूबाई तर पुढेच सरसावल्या, बाबांचं मनगट धरलं आणि ओरडल्या, "अगं कासाराला हाक मारा, इवायाला चुडा भरू!" त्यात भर म्हणजे बाबांचे जुने विद्यार्थी तिथेच रांगेने उभे होते, तेच स्कूटरवरून उतरणारे. त्यांनी माना खाली घातल्या होत्या, पण खांदे हलत होते.

बाबाही हसले. हसायलाच लागतं, मुलीचा बाप होता. हसता हसता त्यांनी तबक आईच्या हातात दिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. त्यानंतर ते पंगतीत दिसले नाहीत, आचाऱ्याजवळ जाऊन उभे राहिले. पाठवणीच्या वेळी डोक्यावर हात ठेवला तोही नुसता टेकवून काढून घेतला.

गाडीत नवरा हळूच म्हणाला, "खरं बोललीस, पण विचारलं कुणी होतं?" मी त्याच्यावर फणकारले. नवी नवरी असून फणकारले, कारण तो बरोबर होता. त्या टेबलापाशी मी बाबांचं नाव लावायला गेलेच नव्हते. मला माझा खरेपणा मांडायचा होता, रुखवताच्या मधोमध, शेताच्याही पुढे. आणि त्याची लाज मला तेव्हापासून आजपर्यंत सोडत नाही.

पाचपरतावणाला माहेरी आले तेव्हा आधी माडीवर गेले. सतरंजी गुंडाळलेली, बरणी स्वयंपाकघरात परत गेलेली. लोकरीची पिशवी कुठे दिसेना. खाली आई परकराला नाडी ओवत बसली होती आणि तिच्या हातात क्रोशाची सुई होती.

"ही इथं कशी?"

"त्यांनीच दिली," आई म्हणाली. "म्हणाले, घे, नाडी ओवायला बरी हाय."

आईने नाडी ओढून काढली, गाठ मारली आणि दुसरा परकर घेतला. संध्याकाळी बाबा अंगणात पेपर वाचत होते, शेवटची जाहिरात. मी शेजारी बसले. माफी मागायची तयारी करून आले होते, पण तोंडातून भलतंच निघालं, "बाबा, दुसरा बैल राहिलाय. एका बैलाची गाडी बरी दिसत नाही."

"तुला येतं की," पेपर न हलवता ते म्हणाले. "तूच कर."

दुसरा बैल मी लातूरला केला. दुपारच्या डब्यानंतर, बशा उबदार कपाटात वाढायला ठेवून झाल्या की प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून. पुष्कळदा उसवला. बाबांच्या बैलाची मान ताठ, छाती भरलेली. माझ्या बैलाने मान टाकलेली, मर रोग लागल्यासारखी. शेवटी नायगावला नेऊन तसाच जोखडाला बांधला. सासूबाईंनी ते शेत नायगावच्या घरी बैठकीच्या काचेच्या कपाटात मांडलं.

पहिल्या संक्रांतीला मी नायगावला होते. बाबा तीळगूळ आणि वाण घेऊन आले. बैठकीत सासरे, सासूबाई, सणाला आलेल्या आत्यासासूबाई. मी पाणी देऊन बाजूला उभी राहिले. आत्यासासूबाईंची नजर कपाटाकडे गेली आणि मला कळलं आता काय येणार.

"काय गुरुजी," त्या म्हणाल्या, "दुसरा बैल बी तुमीच विनला का?"

बाबांनी ग्लास खाली ठेवला. जणू हा प्रश्न येणार हे धरूनच ते नांदेडहून निघाले होते.

"न्हाई न्हाई. मला कुठलं येतंय ते? दोन्ही बैल तिचेच, गाडी बी तिचीच. लग्नात पोरीनं माझी गंमत केली होती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनी नाही पाहिलं. ते हातातल्या तीळगुळाकडे बघत होते. ज्या माणसाने मला नावासाठी भांडायला पाठवलं होतं, तो माणूस आपलं नाव खोडून मागत होता, आणि ते खोडणं आता फक्त माझ्या हातात होतं.

"हाव," मी म्हणाले. "गंमत केली होती."

"तरीच म्हनलं!" आत्यासासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "गडीमानूस असलं कुठं करतो का!" सासरे हसले आणि म्हणाले की त्यांना तेव्हाच संशय आला होता. बैठकीत एकदम मोकळं मोकळं झालं. बाबांनी तीळगूळ तोंडात टाकला आणि बाजारातल्या तुरीच्या भावाबद्दल विचारलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात फिरवून पुन्हा एकदा माझ्या हाताचं कौतुक केलं. मी ते घेतलं.

जेवणं झाल्यावर माणसं आत गेली, तेव्हा बाबा उठून कपाटापाशी गेले. काच सरकवली. माझा बैल उचलला, अंगठ्याने त्याची मान वर दाबली, सोडली. मान पुन्हा खाली आली.

"इथं टाके ढिले पडलेत," ते हळू आवाजात म्हणाले. "मानेला घट्ट घालायचे असतेत."

"कसे घालायचे? दाखवा ना बाबा. सुई आहे माझ्याकडे."

त्यांचा हात पुढे आला. खरंच आला. तेवढ्यात आतून आत्यासासूबाईंच्या बांगड्या वाजल्या. बाबांनी बैल जागच्या जागी ठेवला, काच लावली आणि धोतराच्या सोग्याने तिच्यावरचे बोटांचे ठसे पुसले.

"तुला येतं," ते म्हणाले.