झोपाळू भट्टीचं तेल

इंडोनेशियातल्या बुरू बेटावर सालेहा बुगिसचं तेल ओळखायला बाटली उघडावी लागत नसे. ती दारात उभी राहिली की पुरे. कायुपुतीच्या त्या औषधी तेलाच्या वासाने तिचे केस, तिची सारोंग, तिच्या घरची कॉफीसुद्धा भरलेली असे. टेकडीवरच्या पांढऱ्या सालीच्या झाडांची पानं ओरबाडून आणायची, हंड्यात वाफवायची आणि नळीतून ठिबकणारं तेल बाटल्यांत भरायचं, हा तिचा नवरा गेल्यापासूनचा उद्योग. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. तेलाच्या वासाची धार जरा उतरली, की ती चुलीतली लाकडं ओढून आग विझवायची आणि नवा घाणा लावायची.

ओढ्यापलीकडे दुल्ला वाएलची भट्टी होती. हा गडी हंड्यात पानं कोंबून चुलीत ओंडका सरकवायचा आणि आडवा व्हायचा. जाग येईपर्यंत भट्टी आपोआप विझलेली.

"दुल्ला, तेल गाळतोस की झोप?" सालेहा ओढ्यावरून ओरडे.

"दोन्ही," तो कूस बदलत म्हणे.

सालेहाची मुलगी रुकाया अंबोन शहरातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. एका सुट्टीत ती दोघांच्या बाटल्या तपासायला घेऊन गेली. पुढच्या खेपेला बोटीतून उतरली तीच गालात हसत. दुल्लालाही बोलावून घेतलं आणि फोनवरचा फोटो पुढे धरला. काचेच्या बशीत पू करणारे जंतू सायीसारखे पसरले होते. तेलात बुडवलेल्या कागदी चकत्यांभोवती मात्र साय धरलीच नव्हती. तिथे नितळ वर्तुळं होती, एक मोठं, एक लहान.

"मोठं वर्तुळ माझं ना?" सालेहाने विचारलं.

"नाही आई. दुल्लाकाकांचं."

"फोटो उलटा धर!"

दुल्ला खोकल्याचं निमित्त करून हसून घेत होता.

"अगं, ऐक तरी," रुकाया म्हणाली. "सिनिओल म्हणून तिखट वासाचा भाग असतो, तो आधी निघतो. तुझ्या तेलात तोच जास्त, म्हणून व्यापारी तुझं तेल आधी उचलतात. टर्पिनिओल हा दुसरा भाग मागून येतो, रमतगमत. जंतूंवर तो जास्त भारी. पण तोवर तू आग ओढलेली असतेस."

"आणि हा घोरत असतो!"

"हो. म्हणून त्यांच्या तेलात तो उतरतो."

दोन दिवस सालेहा ओढ्याकडे फिरकली नाही. हरणं एक वेळ चालेल. पण आळसापुढे हरावं? तिसऱ्या दिवशी तिने हंडा भरला, आग लावली आणि हात मांडीखाली दाबून बसली. थोड्याच वेळात उठली, अंगण झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं. चिमटा उचलून आग ओढायला चुलीकडे वळली, तोच दुल्ला भाजलेल्या साबुदाण्याच्या कडक वड्या घेऊन हजर.

"ठेव तो चिमटा. बस. वडी कॉफीत बुडव, ती भिजेपर्यंत बोलायचं नाही."

"मग काय करायचं?"

"काही नाही. तेच शिकवायला आलोय."

सालेहा तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिली, मग पुटपुटणंही मंदावलं. संध्याकाळी रुकाया परतली, तेव्हा नळीतून शेवटचे थेंब पडत होते आणि दोघं खांबाच्या दोन बाजूंना टेकून गाढ झोपली होती.

तेव्हापासून सालेहाच्या फळीवर दोन तऱ्हेच्या बाटल्या असतात. आधीचं तिखट तेल बाजाराला जातं. मागाहून ठिबकलेलं शेजारीपाजारी खरचटलं-कापलं की मागून नेतात. ते गाळायला मदतनीस लागतो, असं ती सांगते. आणि दुल्ला, उशी घेऊन, वेळेवर येतो.