दहाला शून्य, दोनला शून्य

नॉटिंगहॅमच्या एका विद्यापीठात सुनेत्रा गायधनी बावीस वर्षं खोल्यांतली डोकी मोजते. मोजणीच्या आठवड्यात सकाळी दहाला आणि दुपारी दोनला दार उघडायचं, आत किती माणसं ते टॅबवर टाकायचं; रिकामी दिसेल ती खोली कमिटी काढून दुसऱ्याला देते. याचा पगार मिळतो यावर नाशिकच्या तिच्या भावाचा अजून विश्वास बसलेला नाही.

तिसऱ्या मजल्यावर कृष्णवर्णीय पीएचडी विद्यार्थ्यांसाठी एक खोली होती. वेबसाइटवर तिचं चार परिच्छेद कौतुक. आत सहा खुर्च्या आणि एक केटल. लॅब, शिकवणं उरकून मंडळी पाचला जमत. कुणाचा सुपरवायझर तीन-तीन महिने उत्तर देत नसे, कुणाला घरमालक चेहरा बघूनच नकार देई. घानाहून आलेली अबेना तर पहिल्याच वर्षी गाशा गुंडाळणार होती. या खोलीमुळे ती थांबली.

एका मोजणीत सुनेत्रानं नियमाप्रमाणे शून्य, शून्य लिहिलं. न राहवून पाचलाही गेली आणि सहा खुर्च्यांत सतरा जण मोजले. तिचा मॅनेजर विनय, पुण्याचा, म्हणाला, "ताई, पाचचा काउंट धरत नाहीत."

खोली गेली. आणि मिळाली कुणाला? याच विद्यार्थ्यांच्या भल्यासाठी नेमलेल्या नव्या संचालकांना! अक्कल गहाण ठेवल्याशिवाय हे सुचत नाही. अबेना केटल काखेत घेऊन जिना उतरताना भेटली.

"शून्य तुम्ही लिहिलंत?"



संचालक महाशय ब्रिस्टलला राहतात. महिन्यातून एकदा उगवतात, अबेनाला मधे उभी करून फोटो काढतात आणि ट्रेन पकडतात. पुढची मोजणी आली तशी सुनेत्रा थेट त्यांच्या दारात. दहाला शून्य, दोनला शून्य, पाचही दिवस.

विनय हबकला. "ताई, डायरेक्टरचं ऑफिस कुणी काउंट करतं का?"

"पॉलिसीत 'प्रत्येक रूम' लिहिलंय. आणि यांचा पाचलाही शून्यच आहे रे."

स्वतःच्याच नियमापुढे कमिटीचं काही चालेना. खोली परत मिळाली, केटल परत आली.

आता मोजणीच्या आठवड्यात अबेना हातातला प्रयोग अर्धवट टाकून दहाला तिथं येऊन बसते, दोनला पुन्हा येते. काम काहीच नसतं. सुनेत्रा दार उघडते, तिच्याकडे बघते आणि एक लिहिते.