पुन्हा बुडवा

आमच्या हार्लेट गावात कुणाला जास्त झाली की लोक म्हणायचे, "याला घरी सोडा रे, नाहीतर याचा डेल होईल." आणि खिदळायचे. बर्फावर खेळायच्या रिंकवरचं कँटीन मी चालवते, त्यामुळे हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. खिदळणाऱ्यांतल्या निम्म्यांना डेल कोण होता हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. विशीतलं पोरगं. अमेरिकेतल्या आयडाहोहून अर्विन रीमरच्या गुरांवर हिवाळ्यापुरतं कामाला आलेलं. आमच्याच चर्चचं, म्हणजे मॉर्मन. आमच्यात दारू नाही, सिगारेट नाही, कॉफीदेखील नाही. त्या जानेवारीत ते रीमरच्या लांबच्या कुरणात बर्फात पालथं सापडलं, आणि खिशात व्हिस्कीची बाटली. "चोरून ढोसली आणि तिथेच झोपला," रीमर म्हणाला. गावाने मान डोलावली. शवपेटी आयडाहोला गेली आणि नाव तेवढं इथे राहिलं, दारुड्यांना चिडवायला.

याला तीस वर्षं उलटली, तेव्हा लॅरू हॅस्लम इथे आली.

आमच्या चर्चमधली म्हातारी जोडपी कामधंद्यातून मोकळी झाली की पदरचे पैसे घालून कुठेतरी सेवेला जातात. कुठे आवडेल म्हणून त्यांना विचारतात. बहुतेकांना समुद्रकिनारा हवा असतो, नाहीतर निदान जिथे संत्री पिकतात असं काहीतरी. लॅरूने कॅनडातलं आमचं सस्कॅचवान मागितलं, आणि त्यातही हार्लेट, जिथे जानेवारीत पापण्या एकमेकींना चिकटतात. वरच्या लोकांना वाटलं, काय ही त्यागी बाई! त्याग कसला डोंबलाचा.

नवरा ऑर्वल आयुष्यभर शाळेची बस चालवलेला, गोरापान, गोलमटोल, सारखा हसणारा. ती सुकलेल्या शेंगेसारखी, ताठ. दोघांच्या छातीवर नावाची काळी पट्टी, तिच्यावर फक्त आडनाव, हॅस्लम. आमच्यात सगळी एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात, आणि सेवेला आलेल्या पुरुषाला एल्डर. आमची मंडळी सगळी मिळून एका व्हॅनमध्ये मावेल एवढी, त्यामुळे पहिल्याच रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. ऑर्वल बाहेर माझ्या दारातला बर्फ उपसत होता. लॅरू स्वयंपाकघरात माझ्याबरोबर पिरोग्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळत बसली होती. वळता वळता म्हणाली, "सिस्टर बर्निस, डेल होणं म्हणजे काय हो? दुकानात कुणीतरी म्हणालं."

मी सांगितलं. हसत नव्हते, पण सांगितलं. तिच्या हातातल्या पिरोगीतला बटाटा बोटांतून बाहेर आला.

"डेल ऑलरेड," ती म्हणाली. "माझ्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव ऑलरेड."

मी हात पुसले, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.

"पेटीबरोबर त्याचा कोट आला होता," ती म्हणाली. "मी तो धुतला नाही. वास घेऊन पाहिला. पुढून काही नाही, गळ्याशी काही नाही. व्हिस्की सगळी पाठीवर. तुम्ही एवढे पिणारे बघता रोज. कुणी पाठीवर पितं का हो?"

कुणीच पीत नाही. पालथ्या पडलेल्या पोराच्या अंगावर कुणीतरी उभं राहून ओतली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगं गेलं त्या संध्याकाळचा रीमर माझ्या डोळ्यांसमोर होता. कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, सामना जिंकून, कप डोक्यावर धरून माझ्या कँटीनपुढे नाचत होता मेला. मीच त्याला फुकट बटाटे तळून दिले होते.

"तिकडे आमच्या गावात अजून म्हणतात, बिचारी लॅरू, पोरगं वाटेवरून घसरलं," ती म्हणाली. "मला रीमरच्या तोंडून ऐकायचंय. लोकांसमोर. तेवढ्यासाठी आलेय मी."

"आणि ब्रदर ऑर्वलला माहितेय?"

"त्याला वाटतं मी क्षमा करायला आलेय." तिने फुटलेली पिरोगी पुन्हा वळायला घेतली. "वाटू दे."

त्या दिवसापासून मी तिला लॅरू म्हणू लागले आणि अगं-तुगं सुरू झालं.

तिने रीमरला सेवेनेच घेरलं. तो एव्हाना म्हातारा झाला होता, गुडघे गेलेले, बायको हिल्डा वारलेली, पोरं कॅलगरीला आणि फोनसुद्धा नाताळापुरता. पहिल्यांदा लॅरू ताजा पाव घेऊन गेली तेव्हा तो दारातून खेकसला, "मला तुमचं धर्माचं पुस्तक नको, बाई."

"पुस्तक नाही. पाव आहे. गरम आहे, लोण्याबरोबर खा."

दुसऱ्या वेळी त्याने दार जरा जास्त उघडलं. पुढे ऑर्वल त्याची लाकडं फोडू लागला, लॅरू त्याचे मोजे शिवू लागली. डॉक्टरकडे न्यायचं, गोळ्या आणायच्या, छपरावरचा बर्फ पाडायचा, सगळं तीच बघे. दर वेळी परतताना माझ्या कँटीनच्या मागच्या दाराने येई आणि गरम पाण्याचा कप हातात धरून बसे.

"आज काय?" मी विचारायची.

"आज म्हणाला, सिस्टर, तुम्ही नसता तर मी मेलो असतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुमच्यासारख्या माणसाला आम्ही बर्फात कसं टाकून देऊ?"

"तोंडावर म्हणालीस?"

"तोंडावर. रडला गं तो!"

आम्ही दोघी हसलो. वाईट हसलो, पोट धरून. मी तीस वर्षांपूर्वी कॉफी सोडली, पण राग सोडायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

वर्ष संपत आलं तसा रीमर स्वतःच चर्चला यायला लागला. मागच्या बाकावर बसे, गुडघ्यांवर हात ठेवून. त्याने कुठेतरी ऐकलं होतं की आमच्यात नवरा-बायको मेल्यावरही एकमेकांचीच राहतात, फक्त आधी बाप्तिस्मा घ्यायला लागतो. त्याला हिल्डा हवी होती. ऑर्वलचा हात धरून म्हणाला, "एल्डर, तुमच्याच हातून घेईन." ऑर्वलचा आनंद गगनात मावेना. बाप्तिस्म्याआधी एक मुलाखत असते. कुणाचं मोठं नुकसान केलंय का, कुणाच्या मरणाला कारण झालायत का, हे सगळं विचारतात. रीमर आत गेला आणि तोंड पुसत बाहेर आला. "सगळं स्वच्छ," म्हणाला.

त्या दिवशी लॅरूने कप धरला नाही. "शेवटची संधी दिली होती त्याला," म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "साक्षीदार कोण गं?"

आता हे सांगायला हवं. आमच्यात माणूस पाण्यात पुरता बुडायला लागतो. केस, बोट, कपड्याचं टोक, काहीही वर राहिलं तर ते धरत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून शब्द म्हणायचे, पुन्हा बुडवायचं. त्यासाठी दोन बाजूंना दोन साक्षीदार उभे राहतात आणि दोघांनी होकार दिल्याशिवाय काम पुरं होत नाही. पूर्वी पुरुषच असायचे. हल्ली बायकांनाही उभं राहता येतं.

"तू आणि मी," मी म्हटलं.

आमच्याकडे हौद नाही. गुरांना पाणी पाजायची पत्र्याची मोठी टाकी गावच्या हॉलमध्ये आणून ठेवतो आणि बॉयलरच्या पाण्याने भरतो. त्या शनिवारी बॉयलर अर्ध्यावर बंद पडला. मी बंद पाडला नाही, शपथ. पण लोक मदतीला धावले तेव्हा "राहू दे, एवढं चालतं" असं मात्र मीच म्हणाले. रिंकवरची मंडळीसुद्धा बघायला आली होती, कारण रीमरला पांढऱ्या कपड्यांत बघण्यासारखी करमणूक हार्लेटमध्ये रोज होत नाही.

रीमर टाकीत उतरला आणि त्याचे दात वाजायला लागले. "एल्डर, पाणी थंड आहे हो."

"आत्ता होईल, एका मिनिटात," ऑर्वल त्याची पाठ थोपटत म्हणाला. त्याने हात वर करून शब्द म्हटले, रीमरचं नाक धरलं, त्याला मागे झुकवून बुडवलं आणि वर काढलं. सुरेख बुडवलं. एक केस वर नव्हता. ऑर्वलने हसून आमच्याकडे पाहिलं.

"कोपर वर होतं," लॅरू म्हणाली.

ऑर्वल माझ्याकडे वळला. मी कशाला विचार करतेय? "मीही पाहिलं," म्हणाले. "पुन्हा बुडवा."

पुन्हा शब्द, पुन्हा पाणी.

"गुडघा," लॅरू म्हणाली.

"चांगला वाटीएवढा," मी म्हटलं.

लोक हसले. रीमरही हसायचा प्रयत्न करत होता, पण ओठ निळे पडले होते. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याने टाकीची कड घट्ट धरली. "मी गारठलो. बस झालं. बाहेर काढा मला."

"बाहेर या ना, कुणी धरलंय?" लॅरू म्हणाली. "पण मग बाप्तिस्मा झाला नाही. हिल्डाला काय सांगू?"

तो कड धरून तसाच उभा राहिला. ऑर्वल हळूच म्हणाला, "लॅरू, पुरे आता. नक्की काय वर राहतंय?"

"त्याची जीभ," ती म्हणाली. ती टाकीला चिकटून उभी राहिली, त्याच्या अगदी तोंडासमोर. "ब्रदर रीमर, तुम्हाला इथे उबेत, दिव्याखाली, माणसांत एवढी थंडी वाजतेय. माझ्या डेलला किती वाजली असेल?"

मी कितीतरी चेहरे पडताना पाहिलेत, पण तसा नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. मग तिच्या छातीवरच्या पट्टीकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"तुम्ही त्याची..."

"आई."

"लॅरू!" ऑर्वलचा आवाज फुटला. ती मागे वळलीसुद्धा नाही.

"बोला," ती म्हणाली. "मोठ्याने. हे सगळे ऐकायला आलेत. नाहीतर मी उद्या सकाळपर्यंत गुडघे मोजत इथे उभी राहीन. आणि बर्निस मला कॉफी नसली तरी गरम पाणी आणून देईल."

"देईन की," मी म्हटलं.

रीमर रडायला लागला. मला अजिबात कीव आली नाही. "तो प्यायला नव्हता," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. रिंकवरचाच कुणीतरी होता, जो रोज डेल-डेल करायचा.

"तो प्यायला नव्हता!" रीमर ओरडला. "मी त्याला ट्रकने कुरणात सोडलं. म्हटलं, गुरांच्या पाण्यावरचा बर्फ फोड, तासाभरात न्यायला येतो. आणि सामन्याला आलो. जिंकलो. प्यायलो. विसरलो. सकाळी आठवलं. बाटली माझी होती. मीच ओतली."

बॉयलर मध्येच खडखडला आणि चालू झाला, अगदी वेळ साधून.

"त्याने वाट पाहिली होती का?" लॅरूने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"रस्त्याकडे तोंड होतं," रीमर म्हणाला. "फाटकाशीच होता. मी येणार म्हणून हलला नसणार. सांगितलेलं ऐकायचा तो."

ती थोडा वेळ टाकीच्या कडेला टेकून उभी राहिली. मग सरळ झाली, रुमाल काढला, नाक पुसलं आणि आपल्या जागी परत गेली. "ऑर्वल," म्हणाली, "बुडव."

"आता? याला पुन्हा मुलाखत..."

"त्याला पाहिजे ना? बुडव. नंतर पोलीस काय करायचं ते करतील."

शब्द म्हणताना ऑर्वल दोनदा अडखळला. रीमर पाण्याखाली गेला आणि डाव्या पायाचा अंगठा टाकीच्या पाण्यावर स्पष्ट वर आला, लालबुंद, नख वाढलेला, माझ्यापासून हातभर अंतरावर. चांगला दोन श्वास वर राहिला. मी लॅरूकडे पाहिलं.

"पुरता बुडाला," लॅरू म्हणाली.

ऑर्वल माझ्याकडे बघत होता. "सिस्टर बर्निस?"

"पुरता," मी म्हटलं.

रीमरला ब्लँकेटात गुंडाळून लोकांनी बाहेर नेलं. कुणी त्याच्याशी बोललं नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत गोष्ट सगळ्या गावात झाली होती, आणि सोमवारी पोलिसांची गाडी त्याच्या दाराशी उभी होती. पोलिसांकडून फार काही होणार नाही हे आम्हाला माहीत होतं, इतक्या जुन्या गोष्टीत काय होतं! ऑर्वल पंधरवडाभर बायकोशी धड बोलला नाही. मग एक दिवस स्वतःच त्याने लॅरूच्या सामानातून डेलचा तो कोट काढला, पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर जाऊन माझी लाकडं फोडत बसला. माझ्याकडे तेव्हा फोडायला लाकडं उरली नव्हती, तरी फोडलेलीच पुन्हा फोडत होता.

वसंतात त्यांची सेवा संपली. निघायच्या आदल्या दिवशी दोघं कँटीनमध्ये बसली होती. रिंकवर एक तरणाताठा गडी आपल्या भावाला न्यायला उशिरा आला. भाऊ थंडीत उभा राहून चिडला होता. हातमोजा त्याच्या अंगावर फेकून ओरडला, "काय रे, रीमर केलास ना माझा?"

सगळी हसली. लॅरूच्या हातातला कप थांबला. डेलचं नाव कुणी घेतलं नाही. मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. नंतरही कुणी घेतलं नाही.

ऑर्वल गाडी गरम करायला बाहेर गेला तेव्हा मी तिला विचारलं, "लॅरू, त्या दिवशी अंगठा..."

"दिसला मला," ती म्हणाली.

"म्हणजे तो बाप्तिस्मा धरायचा नाही. त्याची हिल्डा..."

लॅरूने कप खाली ठेवला आणि कोटाची बटणं लावायला घेतली. "मी मेल्यावर माझ्या पोराला भेटेन तेव्हा," ती म्हणाली, "त्याला रीमर तिथे दिसायला नको."

मी तिची टोपी नीट केली आणि तिला दारापर्यंत सोडलं.