किनारा कोणत्या हाताला

जगातल्या प्रत्येक वस्तूला एक बरोबर बाजू असते आणि आपण सोडून बाकी सगळी माणसं चुकीच्या बाजूला बसलेली असतात, अशा ठाम समजुतीने जगलेला एकच माणूस मी पाहिला. तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आमच्याकडे या नात्याला भाटवे म्हणतात. तोंडावर मी त्यांना भाऊजी म्हणायचो आणि ते मला मास्तर, कारण मी पांढुर्ण्याच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि चार माणसांत बोलण्यापेक्षा कोपऱ्यात बसून वाचणं मला सोपं जायचं. ते जन्माने सावरगावचे, म्हणजे जाम नदीच्या पलीकडचे, आणि आम्ही अलीकडचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. तेव्हा 'तुम्ही कोणत्या बाजूचे' हा प्रश्न त्यांच्या अंगात लहानपणीच मुरला असावा, असा माझा आपला तर्क. स्वतः त्यांनी कधी दगड उचलला नाही. गोटमारीच्या दिवशी ते कुणाच्या तरी गच्चीवर उभे राहत आणि कोणाच्या डोळ्यांवर ऊन येतं आहे एवढंच पाहत. "पाहा मास्तर, उन्हाकडे तोंड करून फेकून राहिले," ते हळहळत म्हणत. दगड कोणाला लागला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे.

लग्नानंतर ते सौंसरला वडिलांच्या संत्र्याच्या बागेवर राहायला आले आणि या वेडाला मोकळं रान मिळालं. पाहुण्यांच्या हातात संत्रं ठेवलं तरी ते सोलू देत नसत. आधी फिरवून दाखवायचे. ही उन्हाची बाजू, ही सावलीची. सावलीकडची फोड आधी खायची आणि उन्हाकडची शेवटी, म्हणजे तोंडात गोडवा राहतो. मी एकदा घाईत उलटं खाल्लं तर त्यांनी दुसरं संत्रं आणून माझ्याकडून पुन्हा सगळं करून घेतलं. आमच्या भागात व्यापारी झाडावरचा माल बागेतून फिरून पाहतात आणि तिथेच सौदा करतात. सगळे बागवाले त्यांना सडकेकडून आत नेतात, कारण तिकडची झाडं चांगली राखलेली असतात. भाटवे त्यांना नाल्याकडून, बोरीच्या काट्यांतून आत घुसवत. "सडकेकडून पाहिलं तं माल आवडते, मागून पाहिलं तं समजते," असं त्यांचं म्हणणं. व्यापाऱ्यांना माल समजत असेलही, पण सदरे फाटलेले ते लोक पुढच्या वर्षी शेजारच्या बागेत जात. माझ्या लग्नात तर त्यांनी फोटोवाल्याला बाजूला सारून सगळ्या वऱ्हाडाला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. आजही त्या फोटोत सगळे समोर बघताहेत आणि भाटवे एकटे वर मान करून सूर्य कुठे आहे ते पाहताहेत.

पण त्यांचं खरं राज्य बसमध्ये होतं. सौंसरहून नागपूरला जाताना सकाळी ऊन डावीकडून येतं आणि संध्याकाळी परतताना, तोंड फिरल्यामुळे, पुन्हा डावीकडूनच. म्हणजे जाताना आणि येताना उजवी बाजू सावलीची. एवढं साधं गणित, पण ते प्रत्येक वेळी नव्याने मांडत. उजवीकडची खिडकी नसली तर बस सोडून देत. आम्ही सगळे सामानासकट स्टँडवर उभे, डोळ्यांसमोरून अर्ध्या रिकाम्या बसगाड्या चाललेल्या, आणि हे कंडक्टरला विचारताहेत, "उजव्या हाताची आहे का जी?" मिळाली की खिडकीत बहिणीला बसवत आणि स्वतः तिच्या डावीकडे. तिने कधी म्हटलं, "अजी, आज तुम्ही बसा ना खिडकीत," तर म्हणत, "मले काय पाहायचं आहे? रस्ता तं मले पाठ आहे." एखाद्या लग्नाला आमचं पोचायचं राहिलं तरी मुहूर्त चुकल्याचं त्यांना वाईट वाटत नसे. सावलीतून आलो, हे समाधान पुरत असे.

ताईला काचबिंदू झाल्याचं कळलं ते फार उशिरा. डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात घालायला थेंब दिले आणि तो किती दिवस टिकेल याचं वचन देता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. जाता जाता डॉक्टर म्हणाले, काही पाहायचं राहिलं असेल तर पाहून घ्या. परतताना बसमध्ये मी मागच्या बाकावर होतो. मग ताई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मले एकदा समुद्र पाहायचा आहे." आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. भाटवे लगेच म्हणाले, "पाहू ना." मला वाटलं, महिनाभरात जाऊन येऊ. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत असूनही असं वाटलं, याचं मला अजून नवल वाटतं.

माझी भाची, त्यांची एकुलती एक मुलगी, नागपुरात बँकेत आहे. दिवाळीला ती आली तेव्हा मोबाईलमध्ये जहाजाच्या सहली शोधूनच आली होती. आईचे गुडघेही दुखतात, तेव्हा फिरायला नको, एका जागी बसून सगळं दिसलं पाहिजे, हा तिचा विचार अगदी शहाणपणाचा होता. आम्ही ओसरीवर बसलो. तिने आधी केरळातल्या नौका दाखवल्या. दोन्ही बाजूंनी नारळाची झाडं, मधून संथ पाणी. भाटवे चष्मा वर करून बघत राहिले.

"दोन्हीकडून काठ आहे?"

"हो बाबा. किती छान दिसतं बघा."

"मंग माणसानं पाहावं कुठी? इकडे पाहिलं तं तिकडचं गेलं."

केरळ संपलं. मग तिने ब्रह्मपुत्रा काढली. "नदीच पाहायची तं जाम काय वाईट आहे?" ते म्हणाले. ब्रह्मपुत्राही गेली. उरली ती मुंबईहून गोव्याला जाणारी मोठी बोट. ताईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं, कारण फोटोत एका बाईने गच्चीवर खुर्ची टाकली होती आणि समोर नुसता समुद्र होता. भाचीने बुकिंगवाल्यांना फोन लावला आणि बोलणं सगळ्यांना ऐकू येईल असं केलं. भाटव्यांनी फोन तिच्या हातून घेतला.

"बेटा, ये बताओ, किनारा किस हाथ पर आएगा?"

"सर, हमारे यहाँ सी-व्ह्यू केबिन है."

"समुद्र तो दिखेगा, वो हमको मालूम है. किनारा बोलो."

"सर, चारों तरफ समुद्र ही रहेगा."

"फिर जहाज चलता किधर से है?"

पलीकडच्या बिचाऱ्या मुलीने 'एक मिनिट, सर' म्हणून गाणं लावून दिलं. भाटव्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "इले स्वतःलेच माहीत नाही, अन् आपल्याले घेऊन चालली."

त्यानंतर जे सुरू झालं ते आठवलं की मला आजही डोकं धरावंसं वाटतं. बुकिंगची तारीख ठरायची, भाटवे पुन्हा फोन करून किनाऱ्याचं विचारायचे, समाधानकारक उत्तर आलं नाही की तारीख सोडून द्यायची, अगदी बस सोडावी तशी. मध्ये संत्र्याची तोडणी आली. ती उरकली तोच बोट रात्री निघते असं त्यांना कुठून तरी समजलं आणि "रातभर अंधारातून नेऊन कोणता समुद्र दाखवून राहिले?" म्हणून त्यांनी आठवडा घालवला. लग्नाला मुहूर्त चुकवून पोचणारा हा माणूस समुद्राचाही मुहूर्त चुकवणार, अशी मला धास्ती वाटू लागली. दरम्यान ताईची पुढची तपासणी झाली आणि उजव्या डोळ्यातलाही दाब वाढल्याचं निघालं. ती आता ताटातली भाजी कुठे आहे ते हाताने चाचपू लागली होती. तोंडाने एक शब्द बोलत नव्हती. भाचीने मला फोन केला आणि ती रडली. "मामा, बाबांना तुम्हीच सांगा. आईला काही दिसेनासं झाल्यावर नेणार आहेत का?"

मी सौंसरला गेलो. जाताना शाळेतला जुना नकाशा घेऊन गेलो, कारण रागावणं मला जमत नाही, नकाशा दाखवणं जमतं. तरीही त्या दिवशी माझा आवाज चढला. मी म्हणालो, "भाऊजी, किनारा डावीकडे असो की उजवीकडे, ताईला समुद्र पाहायचा आहे. तुमच्या या बाजू पाहण्यात तिचा डोळा जाईल." ओसरीवर भाचीही होती. ताई आत होती, पण भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे तिला ऐकू आलं होतं.

भाटवे रागावले नाहीत. त्यांनी नकाशा जमिनीवर पसरला, खिशातून आगपेटी काढली आणि ती मुंबईवर ठेवून हळूहळू गोव्याकडे सरकवली. मान वाकडी करून ते स्वतःच त्या आगपेटीत बसल्यासारखे तोंड पुढे करून बघत होते. "जाताना किनारा डाव्या हाताले," ते म्हणाले. मग आगपेटी वळवून गोव्याहून मुंबईकडे आणली. "येताना उजव्या. मंग आपण गाडीनं गोव्याले जाऊ अन् बोटीनं मुंबईले येऊ."

भाची वैतागली. "बाबा, सगळे लोक मुंबईहूनच बोटीत बसतात. उलटं कोणी करत नाही."

"सगळ्यायचे दोन्ही डोळे चांगले आहेत," भाटवे म्हणाले.

ते आगपेटी खिशात ठेवत पुढे म्हणाले, "समुद्र कुठूनही दिसन, मास्तर. पण काठ नाही दिसला तं ते नुसतं पाणी आहे. तिच्या उजव्या हाताले काठ पायजे." आतून भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

आम्ही उलटेच गेलो. नागपूरहून आगगाडीने, मग आणखी एका आगगाडीने, सगळ्यांची हाडं खिळखिळी करत गोव्याला पोचलो आणि दुपारी बोटीत चढलो. त्यांनी चढल्या चढल्या बोटीवरच्या माणसाला विचारलं की पुढे कोणतं आणि मागे कोणतं. मग उजव्या कठड्याजवळ ताईला खुर्चीत बसवलं, तोंड बरोबर बोटीच्या नाकाकडे, जसं बसमध्ये ड्रायव्हरकडे असतं तसं. आणि मला कबूल केलं पाहिजे की ऊन पश्चिमेकडे कललं होतं, त्यामुळे आमची बाजू सावलीत होती आणि समोरचा किनारा उन्हात उजळलेला. टेकड्या, माडांची एक रांग, मध्येच एखादं पांढरं देऊळ. सौंसर-नागपूर बसचा नियम भर समुद्रात खरा ठरला होता. भाटव्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. तेवढंच, पण पुरेसं होतं.

मग भाची पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आई, मान का वाकडी करून बसली?" तिने ताईला उठवलं, खुर्ची उचलली, सरळ किनाऱ्याकडे वळवून ठेवली आणि पुन्हा बसवलं. "बाबा, खुर्ची फिरते."

भाटवे त्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिले. प्लॅस्टिकची साधी खुर्ची होती, वाटेल त्या बाजूला, वाटेल तिकडे तोंड करून ठेवता येण्यासारखी. डावीकडे, उजवीकडे, जाताना, येताना, केरळात, कुठेही. इतके महिने आम्ही कशासाठी घालवले हे मला त्यांना विचारायचं होतं. पण त्यांचा चेहरा इतका पडला की विचारवलं नाही. शेवटी ते म्हणाले, "बसमध्ये नाही फिरत." आणि तिच्या डावीकडे खुर्ची ओढून बसले.

ताई हसली. तिला हसताना पाहून तेही हसले. मग ती समुद्राकडे शेताकडे पाहावं तशी बघत म्हणाली, "केवढं मोठं वावर आहे हो हे. अन् एक झाड नाही." अंधार पडेपर्यंत ती बघत होती आणि दर थोड्या वेळाने डावीकडे मान न वळवता विचारत होती, "अजी, पाहून राहिले ना?" आणि ते "हं" म्हणत होते. ते समुद्राकडे पाहत नव्हते. तिच्याकडे बघत बसले होते, माल समजून घेणाऱ्या माणसासारखे.

भाटवे मागच्या हिवाळ्यात गेले. बागेतच, नाल्याकडच्या बाजूला. त्यांच्या पश्चात ताईला डॉक्टरांकडे मी नेतो. तिला आता उजव्या डोळ्यानेही फक्त मधलं थोडं दिसतं. परवा आम्ही सौंसरच्या स्टँडवर गेलो तर बस भरलेली होती आणि डावीकडचा एकच रिकामा बाक उरला होता. मी तिला खिडकीत बसवलं. ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं आणि खिडकी तिच्या बंद डोळ्याकडे होती, म्हणून ती सगळी मान वळवून बाहेर पाहायचा प्रयत्न करत होती. मी आयुष्यात अनोळखी माणसाला कधी जागेवरून उठवलेलं नाही. पण मी उठलो, पलीकडच्या बाकावर बसलेल्या दोन पोरांजवळ गेलो आणि म्हणालो, "उजव्या हाताची जागा द्याल का जी? आमच्या ताईले सावली पायजे." ती पोरं माझ्याकडे जसं बघत होती, तसं मी कित्येक वर्षं भाटव्यांकडे बघत आलो होतो. मग उठली बिचारी.

बस सुटली. ताई उजव्या खिडकीत, मी तिच्या डावीकडे, जिथलं तिला काही दिसत नाही. सौंसरच्या पुढे सडकेच्या कडेने बागा लागल्या. झाडं नुकतीच फुलली होती आणि वास बसभर आला. ताई बाहेर बघत होती. मान न वळवता ती म्हणाली, "अजी, पाहून राहिले ना?"

मी म्हटलं, "हं."