शेपटीचं इंजिन आणि आबांचा उतार

आमच्या गावात कोणी 'इंजिन आलं का?' असं विचारलं, तर तो रेल्वेची चौकशी करत नसायचा, नावेची करायचा. भुसावळकडचे पाहुणे हटकून फसायचे. एक मावसे तर खांद्यावर पिशवी टाकून 'इथे कुठे रूळ?' म्हणून नदीकाठी बघत उभे राहिले होते आणि आम्ही पोरी हसून हसून खाली बसलो होतो. आता मला त्या इंजिनाचं नाव काढलं तरी हसू येत नाही. पण सांगायचं तर सुरुवातीपासून सांगायला हवं, नाहीतर लोक पुन्हा तेच म्हणतील की म्हातारा हट्टी होता.

म्हातारा म्हणजे माझे वडील, आबा. गाव तापीच्या काठावर, आणि पलीकडच्या काठाची अर्धी सोयरीक आमच्या गावात. ती सगळी ये-जा आबांच्या नावेतून. लाकडी नाव, हातात लांब बांबू. बांबू तळाला टेकवायचा, छातीने रेटायचा, पुन्हा उचलायचा. जन्मभर हेच केलं. त्यात दम्याने छाती धरली. फेरी संपली की आबा नावेच्या कडेवर बसून श्वास गोळा करायचे आणि कोणी 'काय झालं आबा?' विचारलं तर त्याच्यावरच खेकसायचे.

हिवाळा सरत आला की गावाखाली पाणी पसरट व्हायचं. जिथून पायी पार होता येतं त्या जागेला आमच्याकडे उतार म्हणतात. उतार कुठे पडला हे ठरवायचं काम आबांचं. ते आधी एकटे पाण्यात उतरायचे, पायाने तळ चाचपत पलीकडे जायचे, आणि येताना दोन्ही बाजूंनी बाभळीच्या काड्या रोवत यायचे. त्या काड्यांच्या मधून चाललं की पाणी मांडीच्या वर येणार नाही, ही आबांची हमी. 'आबांनी काड्या लावल्या का?' असं विचारल्याशिवाय गावातली बाई पाण्यात पाऊल टाकत नसे. आणि त्या काड्या काढायच्या त्याही आबांनीच, मृगाच्या आधी, स्वतःच्या हाताने. दुसऱ्या कोणी काडीला हात लावायचा नाही. लहानपणी मी एक उपटून म्हशीला हाणली होती, तर आबांनी मला असं काही धपाटलं की विचारू नका.

उतार पडला तरी नाव लागायचीच. म्हातारीकोतारी, बाळंतिणी, धान्याची पोती, नवरदेव-नवरी, हे काय पाण्यातून चालत जाणार? पण तेव्हाच नावेचे खरे हाल. पाणी उथळ, नाव वाळूत बसायची, आणि आबा खाली उतरून ती खांद्याने ढकलायचे. माझा मोठा भाऊ हे बघायचा आणि आतल्या आत जळायचा. त्याला एकच ध्यास लागला होता. आबांच्या हातातला बांबू सोडवायचा आणि आबांना नावेत नुसतं बसवून न्यायचं. दुसरं काही नाही. त्या इंजिनाच्या मागे लोकांनी नंतर काय काय कारणं चिकटवली, म्हणून मुद्दाम सांगते.

वरच्या बाजूला धरण झालं होतं. तिथे साहेबांची एक मोटारबोट होती, ती भाऊने पाहिली. तिचा पंखा नावेच्या मागे सरळ खाली पाण्यात उभा. खोल पाण्यात झकास. तसलीच एक जुनी मोटर कोणीतरी आमच्या घाटावर आणून पाहिली, तर पहिल्याच फेरीला पंखा वाळूत रुतला आणि आतली पिन तुटली. लोकांनी टाळ्या पिटल्या. आबांनी तर 'न्या हे खेळणं' म्हणून बांबू उचलला. भाऊ मात्र गप्प घरी आला आणि जेवताना ताटात बोटाने रेघा ओढत बसला. पंखा खाली नाही, मागे पाहिजे, असं तो म्हणाला. मला काय कळतंय, मी म्हटलं, आधी जेव.

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं होती. शेतात वीज येत होती, विहिरींवर विजेच्या मोटारी बसत होत्या आणि जुनी डिझेलची इंजिनं गोठ्यात शेणाने माखून पडली होती. असलंच एक एका सिलिंडरचं धूड भाऊने पारोळ्याकडून बैलगाडीत घालून आणलं. पहिल्यांदा त्याने नावेच्या मागच्या फळीला भोक पाडून त्यातून दांडा बाहेर काढला. त्या भोकातून पाणी आत आलं आणि नाव घाटावरच बसली. मग दुसरी तऱ्हा. इंजिन नावेच्या मागच्या टोकावर, जुन्या जीपच्या जॉइंटवर असं बसवलं की ते सगळंच्या सगळं वळेल आणि झुकेल. त्याला मागे पुरुषभराहून लांब पाइप, पाइपात फिरणारा दांडा, आणि पार टोकाला पंखा. हातातली मूठ खाली दाबली की मागची शेपटी वर उचलली जायची. वाळू आली, दाब मूठ. वाळू गेली, सोड मूठ. पंखा पाण्याच्या जेमतेम खाली फिरायचा. टीचभर खोल पाण्यातून ती नाव जायची हो! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पंख्याचंही एकदम जमलं नाही. पहिला कूलरच्या पात्यांचा, तो पाण्यात कागदासारखा मुडपला. दुसरा नांगराच्या फाळाचा पत्रा तापवून ठोकलेला. त्याने नाव चालायची, पण आतड्यांपर्यंत हादरे बसायचे. शेवटी धुळ्याहून पितळी ओतून आणला. दांडा घासू नये म्हणून पाइपात बाभळीच्या लाकडाचे गोल तुकडे तेलात भिजवून बसवले. इंजिन थंड ठेवायला विहिरीवर हौद लागायचा, इथे तर नदीच होती. हँडल मारलं की आधी काळा धूर, मग टक-टक-टक असा आवाज, की काठावरची कुत्री गावात पळायची. लोकांनी तोंडात बोटं घातली. पुढे लोकांनी 'नाव' हा शब्दच टाकून दिला. पूर्वी पलीकडच्या काठावरून 'नाव आणा हो' अशी लांब हाक यायची, आता सगळे 'ए इंजिन' म्हणून ओरडायला लागले.

सगळे म्हणजे आबा सोडून. त्यांनी त्या नावेत पाय ठेवला नाही. 'माले त्या भोंगामा बसनं नही,' असं एकदाच म्हणाले. भाऊने विनवण्या केल्या, मायने समजावलं, मी माहेरी आले की भांडायचे. पोरगा तुमच्यासाठी झिजतोय आणि तुम्ही नाक मुरडता! आबा म्हणायचे, 'नदी बोलस, ती आयकाले येत नही त्यामा.' आणि दमा असताना आपले उतारातून पायी जायचे-यायचे. भाऊचा चेहरा अशा वेळी बघवत नसे. अख्ख्या पंचक्रोशीने वाखाणलं तरी त्याला बापाचं एक 'बरं केलंस' हवं होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आत्याच्या घरी लग्न होतं, पलीकडच्या गावाला. आबा आठ-पंधरा दिवस आधीच गेले, काड्यांमधून, चालत. इकडे लग्नसराई ऐन भरात. वऱ्हाडाने भरलेली जड नाव उतारावर टेकायची. भाऊने काय करावं? शेपटी खाली सोडून इंजिन जोरात चालवलं की पंखा वाळू उकरायचा आणि नावेला वाट व्हायची. रोज तीच जागा, रोज थोडं खोल. पूर्वी असली चरी रात्रीतून वाळूने भरायची. पण धरणाने पाणी अडवलेलं, नदीला ओढच उरली नव्हती. वाळू येणार कुठून? चरी भरली नाही, डोहासारखी होत गेली आणि आबांच्या काड्यांच्या दोन्ही रांगा तिने मधोमध कापल्या.

आमच्या काठावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'काड्यांमधून नको, वरून जा,' असं एकमेकांना सांगायचे. मग काड्या उपटल्या का नाहीत? हे मला शहरातल्या माणसांनी फार वेळा विचारलंय, आणि प्रत्येक वेळी माझं टाळकं फिरतं. अहो, आबांच्या काड्या होत्या त्या! त्या आबांनीच काढायच्या. भाऊ मनात म्हणाला, आधीच आपल्यावर रुसलेत, त्यात काड्यांना हात लावला तर तोंड बघणार नाहीत. आले की सांगू, मग तेच काढतील. मान राखायला म्हणून त्याने काड्या राहू दिल्या.

लग्न उरकून आबा निघाले ते भर दुपारी. काठावर आले तेव्हा भाऊ वऱ्हाड घेऊन आमच्या घाटाकडे येत होता, पलीकडच्या काठाला पाठ करून. आबा पाण्यात उतरले. समोर स्वतः रोवलेल्या काड्या. पट्टीचा पोहणारा माणूस, पण छातीत दम नाही, अंगावर धोतर, डोक्यावर आत्याने दिलेलं बुंदीचं गाठोडं. पाऊल चरीत पडलं, कडेची वाळू ढासळली. भाऊने घाटावर इंजिन बंद केलं तेव्हा त्याला पलीकडची ओरड ऐकू आली. तोच पोहत गेला आणि त्यानेच आबांना वर काढलं.

मी सासरहून आले तोवर आबांना ओसरीवर निजवलं होतं. त्यांच्या पायांना ओली वाळू लागलेली, ती मी पदराने पुसली. पुसली तरी निघेना. मी तेव्हा रडले नाही, मला राग आला होता. कोणाचा ते मला आजही सांगता येणार नाही.

मग दारावर लोक यायला लागले. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला येणाऱ्यांना असंच म्हणतात, दारावर आले. पुरुष ओसरीवर बसायचे आणि फिरून फिरून एकच बोलायचे. म्हातारा हट्टी. दमा असून पायी निघाला, पण पोराच्या नावेत बसला नाही. भाऊ भिंतीशी बसून सगळं ऐकायचा. त्याने ते खरं मानलं होतं. एकदा मला म्हणाला, 'शेवटपर्यंत माझ्या नावेत पाय ठेवला नाही गं त्यांनी.' मला वाटलं, मानू दे. त्यात दुःख होतं, पण निदान दोष आबांच्या हट्टाचा होता.

तेराव्याच्या आत पलीकडची डांगरवाली आली. नदीच्या वाळूत ती दर उन्हाळी डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, वेल लावायची. आबांनी पाण्यात पाऊल टाकलं तेव्हा तिथे जवळ तीच होती, ओरडली तीही तीच. मायच्या गळ्यात पडून रडली, पाणी प्यायली. तेवढ्यात ओसरीवर कोणीतरी पुन्हा तेच काढलं, इंजिनात बसायला काय झालं होतं म्हाताऱ्याला. ती बिचारी भोळी बाई. तिला आबांची बाजू घ्यायची होती, एवढंच. पदराने तोंड पुसत ती फणकाऱ्याने म्हणाली, 'कसाले बोलतस तसं? आबानी हाक मारी व्हती. मी आयकी ना! धाप लागेल व्हती त्यास्ले. खाले बसीसन घडी घडी हाक मारी, "ए इंजिन! इकडे ये रे!"'

माय तिचा हात धरून होती, तो तिने सोडला. इंजिन! आबा! ज्यांच्या तोंडून 'नाव'शिवाय दुसरा शब्द कधी निघाला नाही, त्यांनी खाली बसून, धापा टाकत त्या भोंग्याला हाक मारली होती. भाऊला आयुष्यभर हवं होतं ते त्या एका हाकेत होतं, आणि ती हाक त्याच्याच इंजिनाच्या आवाजात बुडाली होती. भाऊ उठला, तिच्यासमोर जाऊन बसला आणि विचारलं, 'कितला जोरमा मारी?' ती म्हणाली, 'भलती जोरमा मारी रे भाऊ.' त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायला लागला तेव्हा मायने त्याला जवळ ओढून त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मला वाटलं, तो इंजिन फोडून टाकेल. फोडलं नाही. लोकांना पार जायचंच होतं. गावाने सांगितलं म्हणून आबांच्या काड्या त्याने स्वतः उपटल्या, त्या दिवशी जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी हँडल मारलं. फक्त एक झालं. नाव मधोमध आली की तो इंजिन बंद करायचा. शेपटी वर उचलून, दोन्ही काठांकडे बघत उभा राहायचा. नाव हळूहळू वाहत जायची. नवखे उतारू कुरकुरायचे, 'काय हो, बिघडलं का?' ठाऊक असलेले त्यांना कोपराने गप्प करायचे. पुढची कितीतरी वर्षं, नव्वदच्या पुढे पूल होऊन नाव बंद पडेपर्यंत, एक फेरी त्याने न थांबता केली नाही.

पुलाच्या आधीच्या उन्हाळ्यात मी त्याच्या नावेत शेवटची बसले. सकाळची वेळ, नावेत आम्ही दोघंच. मधोमध त्याने इंजिन बंद केलं. मी दोन्ही काठ पाहिले. माणूस सोडा, जनावरही नव्हतं. थोडा वेळ वाट पाहून मी म्हटलं, 'कोणी नाही रे भाऊ, चल आता.' तो नुसताच माझ्या ओठांकडे बघत राहिला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी जवळ सरकून मोठ्याने तेच पुन्हा म्हटलं.

'मला काय समजणार?' तो म्हणाला. 'या इंजिनने माझे कान गेले, दोन-तीन वर्षं झाली. तू ऐक ना. कोणी हाक मारतंय का?'

मी ऐकलं. पाण्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मी मान हलवली.

'नीट ऐक,' तो म्हणाला. 'घाई करू नको.'