साळवे गुरुजींची हार्ड डिस्क

प्रल्हाद साळवे गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलोच होतो. आदल्या दिवशी, रविवारी, तो श्रीगोंद्याहून नगरला येणार होता. ‘छातीत जड वाटतं’ असं त्यानं पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, एका ओळीत लिहिलं होतं. ते वाचून मी ओळखीच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. सकाळी नऊपासून मी स्टँडवर उभा होतो. श्रीगोंद्याच्या तीन गाड्या आल्या, रिकाम्या झाल्या, पण हा एकीतही नव्हता. सावेडीला घरी परतताना स्कूटरवर मी एकटाच पुटपुटत होतो, की आता हा आला तरी आठ दिवस याच्याशी बोलायचं नाही. सोमवारी दुपारी कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. त्याची मुलगी उज्ज्वला बोलत होती. “काका, आण्णा गेले.” मी विचारलं, “कुठं गेले?” मला खरोखरच वाटलं होतं, की नेहमीसारखा कुठल्या तरी गावाला गेला असेल.

आणि तो गेलाही होताच. कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीवर एक म्हातारा अंथरुणाला खिळलाय, आज-उद्याचाच सोबती आहे, असा निरोप शनिवारी आला. डॉक्टर पुढच्या रविवारी भेटतील, म्हातारा भेटणार नाही, असा हिशोब करून प्रल्हाद टेपरेकॉर्डर घेऊन तिकडे गेला. म्हाताऱ्याचं सगळं टेप करून घेतलं आणि परतीच्या वाटेवर, एका पानटपरीच्या बाकड्यावर बसला तो उठलाच नाही. म्हातारा अजून आहे म्हणे. सहा आठवडे झाले, माझी चिडचिड काही कमी होत नाही.

आम्ही श्रीगोंद्याच्या हायस्कुलात एका बाकावर बसणारे. पुढे तो प्राथमिक शिक्षक झाला आणि तालुक्यातल्या शाळाशाळांतून बदल्या होत फिरत राहिला. मी नगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो. कॉलेजात कॉम्प्युटर आले तेव्हा ते उघडणं, पुसणं, पुन्हा जोडणं माझ्याच गळ्यात पडलं. ते मला आवडूही लागलं, आणि ओळखीपाळखीत मी ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ ठरलो. खरं तर मला थोडंच कळत होतं. ते थोडं किती, हे कळायला प्रल्हादच्या कामाची वाट लागावी लागली.

त्याचं काम असं होतं. छप्पन साली आणि त्यानंतर आसपासच्या गावांतल्या ज्या घरांनी बौद्ध धर्म स्वीकारला, त्या घरांतली तेव्हा जाणती असलेली माणसं आता थकत चालली होती. प्रल्हाद स्वतः तेव्हा दहा वर्षांचा. या माणसांना गाठायचं, त्या दिवसांत घरात काय काय झालं ते त्यांच्याच तोंडून टेपवर घ्यायचं, जसं बोलले तसं कागदावर उतरवायचं, आणि पुढे त्याचं पुस्तक करायचं. घरातले देव कुठं सोडले, सासू काय म्हणाली, दुसऱ्या दिवशी गावात कोण बोललं, कोणी तोंड फिरवलं. एम-एटीवर टेपरेकॉर्डर बांधून तो सुट्टीच्या दिवशी हेच करत फिरायचा. हातानं उतरवता उतरवता त्याची बोटं आखडायला लागली. पंच्याण्णवच्या दिवाळीत तो घरी आला आणि म्हणाला, “वसंता, मला एक कॉम्प्युटर जोडून दे. मराठी उमटलं पायजे. आनी मधीच मेला न्हाई पायजे.” घरावर स्लॅब टाकायला म्हणून बाजूला ठेवलेली रक्कम त्यानं यासाठी काढली होती. त्याची बायको शांताबाई मला म्हणाली, “पत्र्याखाली वीस वर्सं काढली, आनखी काढू. पन भाऊ, चांगलं बघून आना.”

पुढचे तीन महिने मी यादी करत राहिलो. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहायचो, खोडायचो, पुन्हा लिहायचो. तयार मशीन घेण्याइतके पैसे नव्हतेच, तेव्हा एकेक भाग निवडून आणायचा होता. पहाटेच्या एसटीनं पुण्याला जायचं, दुकानांतून हिंडायचं, कापडी पिशवीतून एखादी वस्तू घेऊन संध्याकाळी परत. दुकानदारांची तऱ्हा अशी, की एक म्हणतो हा मदरबोर्ड घ्या, दुसरा म्हणतो तो घेतलात तर रडाल. पॉवर सप्लाय मी हातात तोलून घेतला, कारण त्यात जड तो चांगला, हे अनुभवानं ठाऊक होतं. रॅम नवीच घेतली. मशीनचा डबा जुना, जरा पोचा आलेला. त्यानं काही बिघडत नव्हतं. प्रल्हादच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, म्हणून मॉनिटर नवा, रंगीत, चांगल्यातला घेतला. तिथंच पैसे संपत आले. आता एक तर हार्ड डिस्क जुनी घ्यायची, नाही तर सगळंच सहा महिने पुढे ढकलायचं. एका दुकानदारानं एक वापरलेली डिस्क चालू करून माझ्या कानाशी धरली. “ऐका साहेब, लोण्यासारखी फिरतीये.” मी ऐकली. खरंच गुळगुळीत फिरत होती. वीज गेली तर मशीन सांभाळणारा यूपीएस मी यादीतून खोडला आणि त्याच्या जागी एक साधा स्टॅबिलायझर लिहिला.

मशीन त्याच्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर जोडलं, तेव्हा प्रल्हाद मागे उभा राहून एकेक वस्तूचं नाव विचारत होता. मग म्हणाला, “ह्यातलं सगळ्यात आधी काय जातं?”

“हार्ड डिस्क,” मी म्हणालो. “तिच्यातच सगळं साठतं.”

“मंग तीच जुनी कशी आनली?”

मला राग आला. तीन महिन्यांच्या खेपा डोळ्यांपुढे आल्या. “तुझ्या पैशात सगळं नवं येत नाही! मॉनिटर जुना घेतला असता तर तुझे डोळे गेले असते.”

“डोळं गेलं असतं तर माझं गेलं असतं,” तो म्हणाला. एवढंच. मग खुर्ची ओढून बसला आणि दोन बोटांनी स्वतःचं नाव उमटवून बघितलं. ‘प्रल्हाद’मधला ‘प्र’ काढायला त्याला पाच मिनिटं लागली, आणि जमलं तेव्हा त्यानं शांताबाईंना चुलीपुढून उठवून आणलं.

आठ-नऊ महिने मशीन बिनतक्रार चाललं. उसाच्या मळ्यांत मोटारी सुरू झाल्या की खोलीतला दिवा पिवळा पडायचा. तेवढा वेळ तो मशीन बंद ठेवायचा, मोटारी थांबल्या की पुन्हा बसायचा. टेप ऐकायची, थांबवायची, टाइप करायचं, मागे घ्यायची. मग त्याचं पत्र आलं. ते माझ्याजवळ आहे. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, की फ्लॉपीवर नक्कल उतरत नाही, मशीन फ्लॉपी घेतच नाही. दुसरी, की कोऱ्या कॅसेटी परवडेनात, तर जे टाइप होऊन मशीनमध्ये बसलंय त्याच्या कॅसेटी पुसून पुन्हा वापरू का? परीक्षांचे दिवस होते, मी घाईत होतो. मी पोस्टकार्डावर लिहिलं, ‘फ्लॉपीचा ड्राइव्ह धुळीनं बिघडला असेल, सुट्टीत येऊन साफ करतो. मशीन उत्तम आहे. कॅसेट खुशाल पुसून वापर.’

सुट्टीत मी गेलो नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, पाहुणे होते... आता ती कारणं मांडायलाही लाज वाटते.

डिस्क गेली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. मी पोचलो तेव्हा मशीनमधून टक्, टक् असा आवाज येत होता, भिंतीवर कोणी नखानं ठोकावं तसा. तो आवाज ऐकला आणि मला कळलं. तरी मी ती डिस्क काढून पुण्याला नेली, दोन ठिकाणी दाखवली. दुसऱ्यानं उघडूनही न बघता मान हलवली. अकरा माणसांचं बोलणं त्यात होतं. अकराही जणांच्या कॅसेटींवर दुसऱ्या माणसांचे आवाज भरले गेले होते. प्रल्हादच्या वहीत उरलं होतं ते फक्त प्रत्येकाचं नाव आणि गाव.

तो मला काहीच बोलला नाही. मला त्याचाच जास्त त्रास झाला. ओरडला असता, ते पोस्टकार्ड माझ्या तोंडावर फेकलं असतं, तर मीही दुकानदाराला, विजेला, त्याच्या तुटपुंज्या पैशांना शिव्या देऊन मोकळा झालो असतो. मी म्हणालोही, “अरे, एकदा तरी बोल ना काही तरी!” तर म्हणाला, “चहा घे. मग त्या फ्लॉपीचं बघ.” मी नवी डिस्क आणून बसवली, ड्राइव्ह साफ केला, यूपीएसही आणला. प्रत्येक पानाच्या तीन-तीन नकला काढायला त्याला शिकवलं. आणि पुढच्या रविवारी त्यानं एम-एटीला किक मारली आणि त्या अकरांकडे पुन्हा निघाला.

अकरांपैकी चौघं तोवर वारली होती.

बाकीच्या सात जणांनी पुन्हा सांगितलं, पण तेच सांगितलं नाही. एका म्हाताऱ्यानं पहिल्या वेळी सांगितलं होतं, की देव ओढ्यात सोडताना मी रडलो. दुसऱ्या वेळी म्हणाला, हसलो. प्रल्हादनं त्याला टोकलं नाही, हसलो तेच लिहिलं. मी म्हणालो, “अरे, आधीचं जास्त चांगलं होतं.” तो म्हणाला, “दोन्ही खरं असंल. पन आधीचं आता कुठं हाय?”

त्या चौघांमध्ये गयाबाई नावाची एक म्हातारी होती. ती दोन कॅसेटी भरून बोलली होती. एकदा कालव्याच्या कडेनं चालताना प्रल्हादनं मला तिचं सगळं ऐकवलं. नवऱ्यानं निर्णय घेतला तेव्हा ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. चौथ्या दिवशी तिनं आपल्या हातानं देव्हाऱ्याची जागा सारवून तिथं धान्याची कणगी ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, “जागा रिकामी कशाला ठिवायची?” हे सांगताना प्रल्हादचा आवाज, मान, हातवारे सगळं बदललं होतं. मी जागीच थांबलो. “हेच लिही ना! तुला तर शब्दन्‌शब्द पाठ आहे.”

“न्हाई.”

“का नाही?”

“मला माझ्या आठवनीतलं आठवतंय, वसंता. ते लिवलं तर माझं होईल. तिचं न्हाई ऱ्हायचं.”

पुस्तकात त्या चौघांसाठी एकेक पान सोडायचं, वर नाव, खाली गाव, बाकी कोरं, असं त्यानं ठरवलं. यावरून आमची जी भांडणं झाली ती शेवटपर्यंत मिटली नाहीत. मी म्हणायचो, लोकांना छपाईची चूक वाटेल, हसतील. कधी म्हणायचो, निदान खाली दोन ओळींची टीप तरी दे. खरं कारण मी बोलत नव्हतो. ती कोरी पानं माझ्यामुळे कोरी होती, आणि ती कोणी उघडून बघावीत हे मला सहन होत नव्हतं. प्रल्हादला ते कळत असणार. तरीही तो हटला नाही, आणि टीपही द्यायला तयार झाला नाही. “टीप दिली की तुजं नाव येतं,” एवढंच एकदा म्हणाला. मी त्यावरही चिडलो होतो.

तेराव्याला, म्हणजे बौद्ध घरांत ज्याला तेरावा म्हणत नाहीत त्या सुमाराला, मी त्याच्या घरी गेलो. उज्ज्वलानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फ्लॉप्या, तीन संच, प्रत्येकीवर त्याच्या शाळामास्तरी अक्षरात गावाचं नाव. “काका, पुस्तक तुमीच करा आता,” ती म्हणाली. शेवटच्या म्हाताऱ्याची कॅसेट तिनं स्वतः टाइप करून पूर्ण केली होती. शांताबाई दारात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “घाई करू नका भाऊ. पन राहूनबी देऊ नका.”

नगरच्या एका छापखान्यात पुस्तक दिलं. आणि मग एक दिवस घरी मी ते केलं, जे केल्याचं इथं कबूल करायलाच हवं. आता मला अडवणारं कोणी नव्हतं. मी टेबलाशी बसलो आणि गयाबाईचं पान लिहायला घेतलं. सगळं आठवत होतं. तीन दिवस, चौथा दिवस, कणगी. भराभर अर्धं पान झालं, चांगलंही झालं. मग मोठ्यानं वाचून बघितलं. त्यात गयाबाई माझ्यासारखी बोलत होती, सावेडीतल्या माझ्या घरात बसून. कालव्याच्या कडेला प्रल्हादच्या तोंडून ऐकलेली बाई त्यात कुठंच नव्हती. मी तो कागद फाडला. प्रल्हादवर पुन्हा एकदा संताप आला, कारण तो बरोबर होता आणि तसं त्याला सांगायची सोय उरली नव्हती.

परवा छापखान्याच्या मालकांचा फोन आला. “अहो, चार पानांचा मजकूर राहिलाय तुमच्याकडून.”

“राहिलेला नाही.”

“मग पानं काढून टाकू? वाया जातात.”

“काढायची नाहीत.”

“लोक आम्हाला नावं ठेवतील. निदान खाली टीप तरी द्या.”

“टीप नाही,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. मी बराच वेळ त्यांच्याशी वाद घातला.

आज प्रुफं आली आहेत. चारही कोऱ्या पानांवर मुद्रितशोधकानं लाल शाईनं लिहिलंय, ‘मजकूर?’ गयाबाईचं पान सगळ्यात वर होतं. मी चारही पानांवरचा तो शब्द खोडला, आणि प्रत्येकाच्या खाली लिहिलं, ‘बरोबर आहे.’